लाईनवरचं तिसरं माणूस

मालनअक्कांना मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा त्या एका बॅटरीशी भांडत होत्या. बॅटरी मोबाइलमधली. आष्ट्यातल्या आमच्या गल्लीत वीज गेली होती, समोरच्या पाटीलवहिनींनी उजेडासाठी कुठलंसं ॲप घेतलं होतं, आणि ते ॲप उजेड पाडण्याआधी परवानग्या मागत होतं. अक्कांनी वहिनींच्या हातून फोन काढून घेतला होता आणि चष्मा कपाळावर ढकलून त्या पडद्यावरचं एकेक वाक्य वाचत होत्या.

"ह्येला तुमच्या फोनातली सगळी नावं बगायची हायती," त्या म्हणाल्या. "उजेड पाडायला ह्येला तुमची माणसं कशाला लागत्यात?"

"मागतंय तर द्यायचं की अक्का. आपल्याकडं काय हाय लपवायला?"

"मग रातचं दार कशाला लावता?"

"आवं, चोर येतोय म्हणून."

"आन् न्हाणीचं?"

तेवढ्यात वीज आली. अक्कांनी फोन परत दिला, चष्मा नाकावर घेतला आणि त्या घरी गेल्या. कॉलेजात इतिहास शिकवून मी नुकताच निवृत्त झालो होतो आणि आता आयुष्यात कुणाचं व्याख्यान ऐकायचं नाही असं ठरवून त्या गल्लीत राहायला आलो होतो. न्हाणीच्या दाराचा मुद्दा मात्र माझ्या डोक्यातून जाईना.

अक्का टेलिफोन खात्यात ऑपरेटर होत्या. गावोगावी हाताने लाईन जोडून द्यावी लागायची त्या काळातल्या. पुढे यंत्रं बदलली, बोर्ड भंगारात गेला, अक्का तक्रारींच्या टेबलावर आल्या आणि तिथूनच निवृत्त झाल्या. लग्न केलं नाही. अंगाने काटकुळ्या, पाठ ताठ, अंगावर बारीक काठाची सुती साडी. बोलायच्या दोन आवाजांत. एक घरचा, आष्ट्याचा, रांगडा. दुसरा लाईनवरचा, शुद्ध आणि थंड, इस्त्री केलेला. अक्का लाईनवरच्या आवाजात बोलू लागल्या की समोरच्याने समजायचं, आपलं काहीतरी चुकलंय. भाजीवाल्याला त्या एकदा म्हणाल्या होत्या, "आपण तराजूवर बोट ठेवलं आहे. कृपया काढावं." तो भाजीवाला नंतर कितीतरी दिवस आमच्या गल्लीत फिरकला नाही.

त्यांच्या घरी जायचं तर चपला दाराबाहेर आणि फोन दारालगतच्या कोनाड्यात. हा नियम सगळ्यांना. एका निवडणुकीत गावातले एक उमेदवार मतं मागायला आले. बरोबर दहाबारा कार्यकर्ते, गळ्यात हार, हातात तीन फोन. अक्कांनी कोनाड्याकडे बोट केलं. उमेदवार हसले, "अक्का, आमचं सगळं कामच ह्याच्यावर चालतं."

"मग काम हितं ठेवा आन् तुमी आत या."

ते आले. तीन फोन बाहेर राहिल्यावर त्यांना हात कुठे ठेवावेत ते कळेना. आधी गुडघ्यावर ठेवले, मग हाराशी चाळा केला, मग चहाची बशी धरली. जनतेच्या प्रश्नांवर ते जे एरवी तासभर बोलत, ते तिथे चहा निवायच्या आत संपलं. जाताना मात्र अक्कांना म्हणाले, "लय दिवसांनी सलग बसलो गड्या एका जागी." आमच्या नेत्यांकडून मी ऐकलेलं हे बहुधा एकमेव प्रामाणिक निवेदन.

अक्कांना हे खूळ कुठून लागलं, असं मी एकदा सरळ विचारलं. खूळ हाच शब्द वापरला. त्या रागावल्या नाहीत.

"सर, दोन माणसं बोलत्यात तवा त्यांना वाटतंय, लाईनवर आपुन दोघंच हाय. मी तिथं तिसरी बसलेली असायची. हेडसेट काडला तर न्हाई ऐकू यायचं, न्हाई काडला तर सगळं. काडायचा का न्हाई, ते कोण बगणार? बोलणारा तर बगत न्हाई." मग म्हणाल्या, "मी तिथं बसलेली हाय, सर. म्हणून मला म्हाईत."

मग त्यांनी एक हकीगत सांगितली. गावातली एक मुलगी आणि शेजारच्या गावातला एक मुलगा रोज दुपारी दुकानातल्या फोनवरून बोलायचे. पळून जायचं ठरवत होते. एस.टी. कुठली, कुठल्या स्टँडवर भेटायचं, सगळं लाईनवर ठरलं. त्या दिवशी मुलगी स्टँडवर पोचली तेव्हा तिचे चुलते आधीच येऊन बसले होते. पुढे तिचं घाईने लग्न लावलं आणि वर्षाच्या आत ती गेली. कशाने, ते गावात कुणी मोठ्याने बोललं नाही.

"चुलत्यांना कुणी सांगितलं?" मी विचारलं.

"बोर्डावर तवा आमी तिघीजणी हुतो," अक्का म्हणाल्या आणि उठून आत गेल्या. त्या तिघींतली कोण, हे मी पुन्हा कधी विचारलं नाही.

त्यामुळे फोन घेतला तरी त्यांनी तो सून पारखावी तसा पारखून घेतला. ॲप निवडायची त्यांची एकच कसोटी होती : हे माझं काय काम करणार, आणि दारात उभं राहून काय मागतंय? पंचांगाच्या ॲपने आवाज ऐकायची परवानगी मागितली. "एकादशी कवा हाय ते सांगायला ह्येला माझा आवाज कशाला पायजे?" पंचांग गेलं, भिंतीवर कॅलेंडर लागलं. नकाशाचं त्यांनी असं ॲप शोधलं, ज्यात सातारा-सांगलीचा नकाशा एकदाच उतरवून घ्यायचा आणि मग इंटरनेट बंद ठेवूनही वाट दिसते. कुठे गेलात ते कुणाला कळत नाही. फोटो फोनातच राहतील, परस्पर कुठल्या खात्यात जाऊन बसणार नाहीत, अशी गॅलरी. टाइप केलेली अक्षरं बाहेर न धाडणारा कीबोर्ड. आणि निरोपांसाठी, सगळ्या जगाकडे आहे ते सोडून, वाचलेला निरोप ठरल्या वेळी आपोआप पुसून टाकणारं एक वेगळंच ॲप. ते आमच्यापैकी कुणाकडेच नव्हतं. अक्कांशी बोलायचं म्हणून गल्लीतल्या चारपाच जणांनी ते घेतलं. माझ्या फोनात ते एका माणसापुरतं होतं; एकाच भाडेकरूसाठी बांधलेल्या चाळीसारखं.

सगळंच त्यांना कळत होतं असं मुळीच नाही. टीव्हीचा लाल दिवा म्हणजे डोळा, अशी त्यांची खात्री होती आणि त्यावर त्यांनी जखमेची पट्टी चिकटवली होती. कुकरच्या शिट्टीवर संशय घेतला नाही एवढंच. हट्टाची किंमतही मोजावी लागे. फलटणला त्यांचे चुलतभाऊ वारले, ती बातमी घराण्याच्या ग्रुपवर पडली. अक्का त्या ग्रुपवर नव्हत्या. 'सगळ्यांना कळवलं' असं समजून वेगळा फोन कुणी केला नाही. अक्कांना कळलं तेव्हा तिसऱ्याचा विधीही उरकला होता. मी भेटायला गेलो तर त्या ओसरीवर नुसत्या बसल्या होत्या. "माणूस मेल्यावर फोन करायचा असतो, येवडं तरी राह्यला पायजे हुतं," एवढंच म्हणाल्या. तेव्हाही मला वाटलं होतं की यात निम्मं शहाणपण आहे आणि निम्मा अहंकार.

मग शुभांगी आली.

शुभांगी म्हणजे अक्कांच्या मोठ्या भावाची मुलगी. भाऊ-भावजय दोघंही नाहीत. ती फलटणच्या बाजूला दिलेली. नवऱ्याचे ऊसवाहतुकीचे ट्रक होते, घर होतं, आणि हात होता. इथे नावं बदलली आहेत आणि एकदोन गावंही इकडची तिकडे केली आहेत. अक्कांबद्दल लिहायचं तर एवढं पाळायलाच हवं. एका सकाळी शुभांगीने शेजारणीच्या फोनवरून आत्याच्या लँडलाइनवर फोन केला. खात्यातून निवृत्त झालेल्या अक्कांनी ती लाईन अजून ठेवली होती. अक्कांनी रडणं ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "तुझा फोन घरात चार्जिंगला लाव आन् पोरीला घिऊन नीघ. फोन घरातच राहू दे."

तो फोन नवऱ्याने घेऊन दिलेला, खातंही त्यानेच उघडलेलं. ती दळणाला गेली तरी त्याला ट्रकमध्ये बसून कळायचं. त्या दिवशी दुपारपर्यंत त्याच्या पडद्यावर बायको घरातच होती. तोवर ती आणि सहा वर्षांची स्वरा आष्ट्यात पोचल्या होत्या.

गालावर वळ होता. तो मी पाहिला आणि अक्कांच्या अहंकाराबद्दलचं माझं मत मनातल्या मनात थोडं मागे घेतलं. सांगलीतल्या एका वकीलबाईंनी प्रकरण हाती घेतलं, ठाण्यात तक्रार झाली. पण कागद त्यांच्या चालीने चालणार होते. "पोरीला घिऊन जाईन, मग बगू कशी येत न्हाई," असं नवरा नातेवाइकांना सांगत फिरत होता. कोर्टाचा हुकूम हाती येईपर्यंत या दोघी कुठे आहेत हे त्याला कळता कामा नये, एवढंच अक्कांच्या हातात होतं. मी सांगलीहून नवा फोन आणला. अक्का दोन दिवस तो घेऊन बसल्या. दाराशी आलेल्या प्रत्येक ॲपची उलटतपासणी झाली. बहुतेकांना परत पाठवण्यात आलं.

अक्कांचं तिच्या सासरी कधी जाणंयेणं नव्हतं, त्यामुळे नवऱ्याचा संशय अजून आष्ट्याकडे वळला नव्हता. शुभांगी घराबाहेर पडत नसे. दिवाळी गेली, थंडी आली. संक्रांतीनंतर पाटीलवहिनींकडे हळदीकुंकू होतं. अक्कांना त्याचं बोलावणं कधीच नसायचं, लग्न न झालेल्या म्हणून. शुभांगीला मात्र वहिनी स्वतः येऊन सांगून गेल्या. ती नको म्हणत होती. अक्काच म्हणाल्या, "जा. समोर तर जायाचं हाय. किती दिवस भिंती बगणार? चांगलं लुगडं नेस आन् जा."

त्या वर्षी वहिनींनी वाण म्हणून मोबाइल उभा करायचे प्लॅस्टिकचे स्टँड लुटले. ते हातात धरून सगळ्या बायकांचा एकत्र फोटो निघाला. आणि आमच्याकडे कार्यक्रम झाला तो स्टेटसवर दिसेपर्यंत झाला असं कुणी मानत नाही. वहिनींनी फोटो टाकला. त्यांच्या मनात पाप नव्हतं. आपल्याकडची गर्दी, आपलं वाण, आपली पैठणी चार जणांनी बघावी, इतकंच. त्या चार जणांत वहिनींच्या ओळखीतल्या, शुभांगीच्या फलटणच्या एक जाऊबाई होत्या.

संध्याकाळी वहिनी तिळगूळ द्यायला आल्या नि कौतुकाने म्हणाल्या, "अक्का, फोटू लय ग्वाड आलाय, बगा की."

अक्कांनी पाहिला. त्या ओरडल्या नाहीत. लाईनवरच्या आवाजात म्हणाल्या, "आपण हा कुठे पाठवला आहे?"

वहिनींचा चेहरा उतरला. त्यांनी लगेच तो काढून टाकला. पण बघणारे बघून झाले होते.

अक्कांनी लँडलाइन उचलली. लागल्यावर म्हणाल्या, "म्हसवड? आष्टा बोलतीय." पलीकडे म्हसवडच्या एक्स्चेंजात पूर्वी असलेल्या ऑपरेटरबाई होत्या. दोघींनी उभी नोकरी एकमेकींना लाईन जोडून देण्यात घालवली होती. एकमेकींना त्या गावाच्याच नावाने हाक मारत. सुखदुःखं बोलल्या, पण समोरासमोर भेट कधी झाली नव्हती. अक्का म्हणाल्या, "दोन माणसं धाडतीय. ठेवशील?" उत्तर यायला फार वेळ लागला नाही.

मी गाडी काढतो म्हणालो. अक्कांनी हात आडवा केला. "तुमी नको. तुमचा फोन लय बडबड्या हाय, सर. आन् तुमाला घर म्हाईत नसलं तर खोटं बोलायची पाळी न्हाई येणार." सकाळच्या एस.टी.ने त्या स्वतःच दोघींना घेऊन गेल्या आणि संध्याकाळी एकट्या परतल्या. आपला फोन त्यांनी घरीच ठेवला होता.

दुसऱ्या दिवशी दुपारी पांढरी गाडी आली. नवरा आणि त्याचे दोन मित्र. वहिनींनी मला हाक मारली, मी धावत गेलो. अक्का ओसरीवर उभ्या होत्या.

नवऱ्याने आपल्या फोनवर तो फोटो धरला. "आत्ती, ही कुठं हाय?"

"फोटोत आहे," अक्का म्हणाल्या.

"मी सरळ इचारतोय."

"मीही सरळच सांगते आहे, जावईबापू. घर उघडं आहे, पाहून घ्या."

त्यांनी घर पाहिलं. माजघर, न्हाणी, परडं. मग बाहेर येऊन नवऱ्याने हात पुढे केला. "फोन द्या तुमचा."

मी पुढे झालो, पण अक्कांनी मला थांबवलं. "थांबा, उघडून देते," म्हणाल्या आणि कुलूप काढून फोन त्याच्या हातात ठेवला.

त्याचा एक मित्र यातला जाणकार होता. त्याने फोन घेतला आणि पायरीवर बसला. निरोप उघडले, एकही नव्हता. नकाशा उघडला, त्याला अक्का कधी कुठे गेल्याचं आठवत नव्हतं. केलेले फोन पाहिले. गॅसवाला, वाणी, मी. शेवटी फोटो. विजेच्या मीटरचा आकडा, गोळ्यांचं पाकीट, परड्यातलं एक ब्रह्मकमळ, पुन्हा मीटर. तो बराच वेळ बोटं फिरवत राहिला.

"दादा, ह्यात कायच न्हाई."

"असं कसं न्हाई? म्हातारी रोज वापरती की."

"वापरती. पर कायच न्हाई."

मग नवऱ्याने माझ्याकडे पाहिलं. "सर, तुमचा बगू."

माझा हात खिशावर गेला. माझ्या फोनात गेल्या कित्येक महिन्यांची माझी सगळी भ्रमंती, बँक, दवाखाना, सांगलीच्या वकीलबाईंच्या ऑफिसची वाट, सगळं नीट मांडून ठेवलेलं होतं. इतिहासाच्या माणसाला शोभेलसं दप्तर. अक्का घरच्या आवाजावर आल्या. "सरांचा फोन पायजे आसंल तर ठाण्यात जाऊन मागा. तुमच्या नावाची तक्रार हाय तिथं. वळख लगीच पटंल."

नवऱ्याने अक्कांचा फोन अंगणातल्या फरशीवर आपटला. काच फुटली. गाडी गेली.

अक्का खाली बसल्या. मी पाण्याचा तांब्या त्यांच्या हातात दिला. दारात वहिनी तोंडाला पदर लावून रडत उभ्या होत्या. "अक्का, माझ्यामुळं झालं वो हे."

अक्का पाणी प्यायल्या. "रडू नका. फोटू चांगला आला हुता," त्या म्हणाल्या. "पोर लय दिवसांनी हसलेली दिसली त्यात."

त्यानंतर नवरा म्हसवडला पोचला नाही, पण अक्का धोका पत्करायला तयार नव्हत्या. त्यांनी म्हसवडच्या बाईंना सांगितलं, "हितनं पुढं त्यांना कुठं धाडलंस तर मला सांगू नको. मला म्हाईत नसलं तर माझ्याकडनं काडून घ्यायला काय उरत न्हाई." बाईंनी दोघींना कुठल्याशा तिसऱ्या गावी लावून दिलं. शुभांगीला तिथे काम मिळालं, स्वराला शाळा. हे सगळं अक्कांना 'बरं चाललंय' एवढ्या एका वाक्यात कळलं. गावाचं नाव त्यांनी विचारलं नाही. कोर्टाचा हुकूम पुढे मिळाला, पण नवऱ्याचं फिरणं थांबलं नाही, म्हणून अक्कांचं न विचारणंही थांबलं नाही.

अशी दोन वर्षं गेली. त्यात अक्का खूप थकल्या. मिरजेच्या डॉक्टरांनी हृदयाचं काहीतरी सांगितलं होतं. मी कितीदा म्हणालो, "एकदा भेटून या." त्या मान हलवत.

एके दुपारी मी त्यांच्याकडे बसलो असताना लँडलाइन वाजली. अक्कांनी रिसीव्हर उचलला, 'हॅलो' म्हटलं नाही, नुसता कानाला लावला. बराच वेळ तसाच धरला आणि मग हळूच ठेवला.

"कोण होतं?"

"पाढे म्हणती," अक्का म्हणाल्या. मग त्यांनी सगळं सांगितलं. शुभांगी अधूनमधून कुठल्यातरी फोनवरून हा नंबर फिरवते आणि 'बाईंना पाढे म्हणून दाखव' असं सांगून स्वराच्या हातात फोन देते. पलीकडे कोण आहे हे स्वराला ठाऊक नाही. म्हणून अक्का बोलत नाहीत. "लेकरू हाय. माझा आवाज वळखला तर शाळंत जाऊन सांगंल, आज्जीशी बोलले म्हणून. त्यातनं वाट निघती." पदराने त्यांनी रिसीव्हर पुसला. "मागच्या टायमाला पाचापतूर आली हुती."

मी त्यांना शेवटचं पाहिलं ते त्यानंतर काही महिन्यांनी. पुढच्याच आठवड्यात त्या झोपेत गेल्या. त्या दुपारी मी पेपर द्यायला म्हणून गेलो, तर फाटकातूनच दिसलं, अक्का खिडकीशी खुर्ची ओढून बसल्या होत्या, रिसीव्हर उजव्या कानाला. मला पाहून त्यांनी तळहात वर केला. मी फाटकापाशीच, खिडकीपासून चार पावलांवर थांबलो. अक्कांचे डोळे मिटलेले होते. ओठ हलत होते, आवाज नव्हता. मग ओठ थांबले. पलीकडे पोर अडली असणार. अक्का वाट पाहत होत्या. हनुवटी जराशी पुढे झाली होती, भरवताना बाया स्वतःच आ करतात तशी. बराच वेळ गेला.

"छप्पन," अक्का म्हणाल्या.

अगदी हळू, घरच्या आवाजात. आणि लगेच त्यांनी तोंडावर हात धरला.